आपल्या वाट्याला ५१२ आयपी कुणी ठरवले?

धायरीकर | शनिवार, सकाळी ९:१०

सिंहगड रस्त्यावरच्या एका छोट्या ब्रॉडबँड कंपनीत मी नेटवर्क सांभाळतो. धायरी, नऱ्हे, वडगाव, किरकटवाडी, खडकवासला मिळून आमचे साधारण नऊ हजार ग्राहक आहेत. गेल्या आठवड्यात नऱ्ह्यातल्या एका वर्कशॉपवाल्यांचा फोन आला. नवे कॅमेरे लावलेत, दुकानातल्या दुकानात छान दिसतात, पण घरी गेल्यावर मोबाइलवर काहीच येत नाही. त्यांना स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा न बदलणारा पत्ता, हवा होता. त्याचे वेगळे पैसे पडतात म्हटल्यावर ते चिडले. "आकड्याचे कसले पैसे घेता?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता आणि फोनवर दोन मिनिटांत त्याचं उत्तर देणं मला जमलं नाही. ते नीट मांडावं म्हणून हा धागा.

आमच्या कंपनीकडे स्वतःचे फक्त ५१२ पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारे पत्ते, आहेत. त्यातले निम्मे आमचे सर्व्हर, राउटर आणि लीज लाइनचे ग्राहक यांत जातात. उरलेल्या २५६ वर नऊ हजार घरं चालतात, म्हणजे एका पत्त्यामागे पस्तीस घरं. यालाच आमच्याकडे सीजीनॅट म्हणतात. तुम्ही बाहेर जाताना आमचा राउटर तुम्हाला एका सामायिक पत्त्याचा मुखवटा चढवतो. आतून बाहेर जायला त्याची काहीच अडचण होत नाही. बाहेरून कुणी आत यायला निघालं, तर पस्तीस घरांपैकी कुठल्या घराचं दार उघडायचं हे राउटरला कळत नाही. म्हणून कॅमेरा दिसत नाही, म्हणून काही ऑनलाइन गेम अडतात. आणि एका घरातून कुणी आगळीक केली की एखादी वेबसाइट पस्तीसही घरांना "तुम्ही यंत्रमानव नाही ना?" असं विचारत बसते.

मग ५१२ च का? आम्ही कंजूस म्हणून नव्हे, आणि सरकारने कोटा ठरवला म्हणूनही नव्हे.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्तेच ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. हा आकडा ठरला तेव्हा इंटरनेट हे मोजक्या विद्यापीठांचं आणि प्रयोगशाळांचं काम होतं. कुणाला कुठले आकडे दिले याची नोंद जॉन पोस्टेल नावाचे संशोधक ठेवत. मागेल त्याला मिळे, तेही ढिगाने. अमेरिकेतल्या एकट्या एमआयटी विद्यापीठाकडे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते होते, आमच्या कंपनीच्या बरोब्बर ३२,७६८ पट. २०१७ मध्ये त्यांनी त्यातला मोठा हिस्सा विकला.

पुढे वाटपाची जबाबदारी प्रदेशवार संस्थांकडे आली. युरोप आणि मध्यपूर्वेसाठी राइप एनसीसी १९९२ मध्ये, आशिया-पॅसिफिकसाठी एपनिक १९९३ मध्ये, उत्तर अमेरिकेसाठी अॅरिन १९९७ मध्ये, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक २००२ मध्ये आणि आफ्रिकेसाठी अॅफ्रिनिक २००५ मध्ये. आपण एपनिकच्या पदराखाली येतो. तिचं कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे. भारतात २०१२ पासून इरिन ही राष्ट्रीय नोंदणी संस्था आहे, ती निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) चालवते. आपल्याकडची कंपनी इरिनकडे जाऊ शकते किंवा थेट एपनिककडे. तत्त्व असं की गरज दाखवा आणि पत्ते घ्या. लगेच किती लागतील, वर्षभरात किती, जाळ्याचा आराखडा काय, हे सगळं कागदावर मांडावं लागतं.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे पाच मोठे ब्लॉक, म्हणजे पत्त्यांचे सलग गठ्ठे, पाच प्रदेशांना एकेक करून दिले गेले. आपल्या प्रदेशाला १०३ ने सुरू होणारा ब्लॉक मिळाला. त्याच वर्षी एप्रिलच्या मध्यावर एपनिकचा बाकीचा साठा आटला आणि "शेवटच्या ब्लॉक"चा नियम लागू झाला. कितीही मोठी कंपनी असो, एका सदस्याला या ब्लॉकातून जास्तीत जास्त १०२४ पत्ते. फेब्रुवारी २०१९ पासून ते ५१२ झाले. छोट्या स्थानिक कंपनीचं कनेक्शन असेल तर आपला पब्लिक आयपी तपासून बघा. तो १०३ ने सुरू होण्याची शक्यता बरीच आहे. हे त्याचं कारण.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगतो. १०२४ चे ५१२ करायचा निर्णय कुठल्या बंद खोलीत झाला नाही. कुणीतरी प्रस्ताव लिहिला, तो सर्वांसमोर ठेवला, त्यावर चर्चा झाली, सभेत मत आजमावलं गेलं. त्या चर्चेत कुणालाही बोलता येत होतं, सदस्य नसलेल्यालासुद्धा. मी तेव्हा याच धंद्यात होतो. मी तो प्रस्ताव वाचलाही नाही. आमच्या भागातल्या, आमच्याएवढ्या आठ-दहा कंपन्यांतल्या मित्रांना विचारलं. त्यांच्यातल्या एकानेही वाचला नव्हता. आपल्या जाळ्याच्या मुळावरचा नियम बदलला आणि आपण त्या जागी नव्हतो, ही गोष्ट मला फार लागली आहे.

---

मृद्गंध | शनिवार, सकाळी ९:५२

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. पत्ते कमी पडतात तर नवे काढता येत नाहीत का? २४० च्या पुढचे पत्ते नुसते पडून आहेत असं वाचलं होतं.

---

धायरीकर | शनिवार, सकाळी १०:१५

मृद्गंध, शंका बाळबोध नाही, यावर अनुभवी लोकही वाद घालतात. २४० ते २५५ ने सुरू होणारे मिळून २६ कोटी ८४ लाख पत्ते "भविष्यासाठी राखीव" म्हणून बाजूला ठेवले होते. जगभरातल्या असंख्य राउटरांच्या आणि संगणकांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे पत्ते अवैध आहेत असं पक्कं लिहून ठेवलेलं आहे. आज ते मला दिले तरी माझा ग्राहक अर्ध्या जगापर्यंत पोचणार नाही. ती सगळी यंत्रं बदलायची तर तेवढ्या कष्टात आयपीची सहावी आवृत्तीच घरोघर पोचते, जिच्यात पत्त्यांची टंचाईच नाही.

---

तारयंत्र | शनिवार, सकाळी ११:०५

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो. धायरीकरांनी जुना काळ काढला म्हणून चार ओळी.

पुण्यात इंटरनेट आलं ते घरात नव्हे. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकासारख्या संस्थांत अर्नेटच्या, म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या, जाळ्यातून ईमेल येत-जात असे, तिथल्या लोकांचे पत्ते "अर्नेट डॉट इन"ने संपत. सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागलं ते विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ पासून. तेव्हा डायल केल्यावर फोन लागेपर्यंतचा पत्ता मिळायचा, फोन ठेवला की तो दुसऱ्याला. एका पत्त्यावर दिवसभरात कितीतरी माणसं येऊन जात आणि कुणाला काही वाटत नसे. कनेक्शन चोवीस तास चालू राहू लागलं, घरात एकाच्या जागी दहा उपकरणं आली, तिथे हिशेब बिघडला.

आमच्या खात्यात टेलिफोनचे क्रमांकसुद्धा वाटूनच दिले जात आणि त्यांचा आराखडा दिल्लीहून येई. त्यावर मत द्यायची सोय कनिष्ठ अभियंत्याला नव्हती. इथे ती सोय आहे असं धायरीकर म्हणतात, ते मला फार मोलाचं वाटतं.

---

सासवडकर | शनिवार, दुपारी १२:४०

माझा आयटीशी संबंध नाही, शेती करतो. पण हे वाचून आमच्या पुरंदरची पाणी पंचायत आठवली म्हणून लिहितो.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला काम उभं केलं. त्यांचे नियम आमच्या वडलांच्या पिढीला तोंडपाठ असत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही, कारण एकट्याचा ऊस दहा जणांची ज्वारी पितो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, तो गटाकडे परत येतो.

"कितीही मोठा असो, ५१२ च" हा नियम वाचला आणि वाटलं, ही तर अडीच एकराची मर्यादा. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आयपी विकता येतो का? आणि ज्यांनी आधी हजारो पटींनी घेऊन ठेवलंय, त्यांच्याकडून परत घेतात का?

---

वकील_नारायणपेठ | शनिवार, दुपारी २:२०

सासवडकरांच्या प्रश्नाला जोडूनच लिहिते, कारण इथे कायद्याची खरी मेख आहे.

नोंदणी संस्थांची भूमिका अशी की पत्ते ही कुणाची मालमत्ता नाही, ते वापरायला दिलेले असतात. पण दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेल या कंपनीचे ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले, आणि जगाला कळलं की या आकड्यांना बाजारभाव आहे. आफ्रिकेत तर याच मुद्द्यावरून रणकंदन झालं. दिलेले पत्ते ठरल्याप्रमाणे वापरले जात नाहीत म्हणून ते परत घ्यायला अॅफ्रिनिक निघाली, त्यावरून २०२१ पासून मॉरिशसच्या न्यायालयात खटल्यांची रांग लागली. २०२३ मध्ये न्यायालयाला संस्थेवर रिसीव्हर, म्हणजे कारभार पाहणारा अधिकारी, नेमावा लागला. एका खंडाचं वाटपच त्यात अडकून पडलं.

म्हणून माझी हरकत. धायरीकर ज्याला खुली प्रक्रिया म्हणतात तिच्यात मतदान नाही असं मी ऐकते. मग निर्णय कोण करतं? व्यासपीठावरचे दोघं-तिघं "सहमती झाली" म्हणाले की झाली का? आणि त्या सभा कधी या देशात तर कधी त्या देशात. जो विमानाचं तिकीट काढू शकतो त्याचीच सहमती, असं तर होत नाही ना? "कुणालाही बोलता येतं" आणि "सगळ्यांचं ऐकलं जातं" यात अंतर असतं. आमच्या सोसायटीच्या सभेत ते मी दरवर्षी बघते.

---

धायरीकर | शनिवार, रात्री ९:३०

ताई, हरकत अगदी योग्य ठिकाणी घेतलीत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

एपनिकच्या धोरणगटाला निवडून आलेले अध्यक्ष आणि सहअध्यक्ष असतात. प्रस्ताव कुणीही देऊ शकतं. वर्षातून दोनदा, एकदा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आणि एकदा ऑगस्ट-सप्टेंबरच्या, खुली धोरणसभा भरते. तिच्या निदान चार आठवडे आधी प्रस्ताव सगळ्यांना वाचायला ठेवावा लागतो. सभेत सहमती दिसली तर लगेच सदस्यांच्या सर्वसाधारण सभेत पुन्हा तीच कसोटी. तिथेही टिकला तर आणखी चार आठवडे हरकतींसाठी. त्यानंतर कार्यकारी मंडळाचं शिक्कामोर्तब आणि मग अंमल. मधल्या कुठल्याही टप्प्यावर गंभीर हरकत उभी राहिली तर प्रस्ताव मागे जातो, लिहिणारा तो सुधारून पुन्हा आणतो.

मतदान नाही हे खरं. हात वर करतात किंवा ऑनलाइन कल नोंदवतात, पण तो फक्त अंदाज घ्यायला. अध्यक्षांनी बघायचं ते हे की आलेली हरकत किरकोळ आहे की मूळ मुद्द्याला धक्का देणारी, आणि तिला उत्तर मिळालं का. शंभर जणांनी होकार दिला आणि एका माणसाने "या नियमाने माझ्यासारख्याचं जाळं बंद पडेल, हे बघा कसं" असं दाखवून दिलं, तर त्या एकाला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सोसायटीच्या सभेत बहुमत झालं की तळमजल्यावरच्या एकट्याचं म्हणणं संपतं. इथे निदान नियमाने तरी ते संपत नाही. छोट्या माणसाला याहून मोठा आधार मला माहीत नाही.

तिकिटाचा मुद्दा मी निम्मा मान्य करतो. घरबसल्या सहभागी होता येतं, बोललेलं तिथल्या तिथे लिहून पडद्यावर येतं, होतकरूंसाठी शिष्यवृत्तीही आहे. २०१२ मध्ये ही सभा दिल्लीत भरली होती. पण सगळी चर्चा इंग्रजीत. आमच्या धंद्यात रात्री दोनला खांबावर चढून फायबर जोडणारी, जाळ्याची नस न् नस ओळखणारी माणसं आहेत. ती इंग्रजीत चार ओळी लिहायला बिचकतात. त्यांची अडचण त्या चर्चेत पोचतच नाही, आणि न पोचलेली हरकत अध्यक्षांनी तरी कशी मोजावी?

सासवडकर दादा, विकता येतो. गरज दाखवून दुसऱ्याकडून पत्ते हस्तांतरित करून घ्यायची परवानगी आहे. मात्र १०३ च्या ब्लॉकातले पत्ते मिळाल्यापासून पाच वर्षं विकता येत नाहीत. लोक नावापुरत्या कंपन्या काढून आपला वाटा घ्यायचे आणि लगेच विकायचे, त्याला आळा बसावा म्हणून हा नियम. जुन्या काळात घेतलेलं परत घेणं मात्र जवळपास होत नाही. तुमची पाणी पंचायत या बाबतीत आमच्या कितीतरी पुढे होती.

---

लेथवाला | रविवार, सकाळी ८:०५

भोसरीत माझंही वर्कशॉप आहे, कॅमेऱ्याचा हाच ताप मलाही होता. सहाव्या आवृत्तीने हे सुटतं म्हणता, मग ती देत का नाही?

---

धायरीकर | रविवार, सकाळी ८:४०

देतो. आमच्या सगळ्या नव्या जोडण्यांवर चालू आहे. तिथे टंचाई नाही. एका छोट्या कंपनीला मिळणारा सर्वांत लहान ब्लॉक स्लॅश ३२ चा (स्लॅशपुढचा आकडा जितका लहान, तितका ब्लॉक मोठा). त्यातून प्रत्येक घराला स्लॅश ५६ दिला, म्हणजे एका घरात २५६ वेगवेगळी जाळी करता येतील एवढी जागा दिली, तरी १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ घरं पुरतात. वर एमआयटीचा आकडा दिलाय तो पुन्हा बघा. त्यांना जितके पत्ते मिळाले तितकी घरं धायरीची एक कंपनी जोडू शकते.

अडतं ते यंत्रांपाशी. स्वस्तातल्या डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्ब्याला, सहावी आवृत्ती कळतच नाही. आपल्याकडच्या मोठ्या मोबाइल जाळ्यांवर ती आहे, आमच्याकडे आहे, मधला डब्बा मुका. नवा डीव्हीआर घेताना दुकानदाराला आधी हे विचारा. आणि कॅमेरा बाहेरून उघडा ठेवाल तर पासवर्ड कंपनीचा मूळचा ठेवू नका, ही हात जोडून विनंती.

---

पूर्वा | रविवार, सकाळी ११:२०

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दादा, विद्यार्थ्याने मत मांडलं तर चालतं का? आणि तुमच्या मनात नक्की कुठला मुद्दा आहे?

---

धायरीकर | रविवार, दुपारी १:००

चालतं. मुद्दा खरा असला पाहिजे, हुद्दा कुणी विचारत नाही.

माझ्या मनातलं असं. उद्या कुणी ५१२ चे २५६ करायचा प्रस्ताव आणला तर आपण तयार असावं. जगाच्या राउटरांमध्ये २५६ पेक्षा लहान तुकडा स्वतंत्रपणे चालत नाही, बहुतेक मोठी जाळी तो गाळूनच टाकतात. ५१२ असले की त्याचे दोन तुकडे करता येतात, एक धायरीतून आणि दुसरा समजा चाकणमधून बाहेर काढता येतो. २५६ असले की नव्या माणसाने एकाच जागी बसायचं. कच्चा मसुदा:

"छोट्या शहरांतल्या आणि उपनगरांतल्या नव्या कंपन्यांना दोन ठिकाणांहून सेवा देता यावी यासाठी ५१२ ही मर्यादा कमी करू नये."

---

सासवडकर | रविवार, दुपारी ३:१५

मसुदा वाचला. राग मानू नका, पण एक विचारतो.

खडकवासल्याच्या कालव्यावर आवर्तन सुटतं तेव्हा हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाजवळचा, शेतकरी म्हणतो, मला दोन पाळ्या द्या, एका पाळीत माझं पीक येत नाही. त्याचं खोटं नसतं. पण त्याच्या दुसऱ्या पाळीत इंदापूरच्या टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पाणी पोचत नाही, आणि तो टेलवाला हेडच्या बैठकीला आलेला नसतो. तुम्ही २०१९ बद्दल लिहिलंत की आपण त्या जागी नव्हतो. आता तुम्ही आहात. पण पाच वर्षांनी जो वेल्ह्यात किंवा भोरला कंपनी काढणार आहे, तो आजही त्या जागी नाही. प्रत्येकाला ५१२ देत राहिलात तर त्याच्यासाठी काही उरेल का?

---

वकील_नारायणपेठ | रविवार, दुपारी ३:४०

सासवडकर, अगदी हेच. मसुदा नव्या माणसाच्या नावाने आहे, पण हिशेब आजच्या माणसाचा.

---

धायरीकर | रविवार, रात्री १०:५०

दिवसभर यावर विचार केला. सासवडकर दादा, तुमचं बरोबर आहे. माझे ५१२ मला मिळून गेलेत, मर्यादा खाली आली तरी माझा एकही पत्ता जात नाही. म्हणजे मी माझ्यासाठी मागत नव्हतो हे खरं, पण उशिरा येणाऱ्याचा विचार केला नव्हता हेही खरं. एकीकडे कमी लोकांना पुरेसं, दुसरीकडे जास्त लोकांना जेमतेम. भोरमधल्या त्या कंपनीला सहाव्या आवृत्तीबरोबर जुन्या जगाशी बोलण्यापुरते २५६ मिळाले तर तिचं एका जागेवरून निभेल. शून्य मिळाले तर चढ्या भावाने विकत घ्यावे लागतील, आणि तिथे ती उभीच राहणार नाही.

मसुदा बदलतो:

"मर्यादा २५६ वर आणायची असेल तर आमची हरकत नाही. मात्र ज्या नव्या कंपनीने सहावी आवृत्ती ग्राहकांपर्यंत पोचवली आहे आणि दोन वेगळ्या ठिकाणांहून सेवा देण्याची गरज कागदोपत्री दाखवली आहे, तिला दुसरे २५६ मागता यावेत."

पूर्वा, एपनिक वाटलेल्या पत्त्यांच्या नोंदी रोज खुल्या ठेवते. त्यातून १०३ च्या ब्लॉकातून भारतात दरवर्षी किती तुकडे गेले ते मोजून देशील का? मसुद्याखाली खरा आकडा जोडायचा आहे.

---

पूर्वा | रविवार, रात्री ११:१०

हो दादा. फाइल उतरवून घेतलीये. मंगळवारपर्यंत इथेच टाकते, आणि मसुद्याचं इंग्रजीही करते. "कागदोपत्री दाखवली" म्हणजे नक्की कोणते कागद, तेवढं वकीलताईंनी सांगावं.